बाटलीचं झाकण आणि आईचं लक्ष



गेल्या महिन्यात माझी लेक अमेरिकेहून आली. सोबत अडीच वर्षांचा नातू. येताना तिनं आजीसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी, सांधेदुखीच्या गोळ्यांची एक मोठी बाटली आणली होती. दोन दिवसांनी आई ती बाटली घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "हे झाकण नुसतंच गोल फिरतंय गं. कटकट वाजतंय, पण निघत काही नाही. तू एकदा काढून दे. मग मी सैलच ठेवत जाईन."

मी झाकण दाबून फिरवलं आणि काढून दिलं. सैल ठेवायलाही हरकत घेतली नाही. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, बोटांची पेरं सुजलेली. कशाला रोज झटापट? लेकीनं मात्र ते पाहिलं आणि बाटली उचलून कपाटावर ठेवली. "आई, झाकण मुद्दाम तसं केलंय, या पिल्लासाठी. सैलच ठेवायचं तर मग त्याचा उपयोग काय?"

आई तेव्हा काही बोलली नाही. रात्री तिची जपमाळ झाली, मी तिच्या पायाला तेल लावत होते, तेव्हा हळूच म्हणाली, "आपल्या रॉकेलच्या बाटलीला असलं झाकण असतं तर?"

इतक्या वर्षांत आईनं त्या बाटलीचं नाव काढलं नव्हतं.

ती गोष्ट १९८१ च्या उन्हाळ्यातली. आम्ही जयसिंगपूरजवळच्या एका खेड्यात राहत होतो. मी चौथीत होते, धाकटा भाऊ अडीच वर्षांचा. घरात गॅस आला नव्हता. चूल होती आणि एक पितळी टाकीचा स्टोव्ह होता. रॉकेल रेशनवर मिळायचं. मोठा डबा पडवीत असे आणि रोजच्यापुरतं रॉकेल एका काचेच्या बाटलीत काढून स्टोव्हजवळ ठेवलेलं असे. बाटली कसली, तर कधीतरी घरात आलेली सरबताची. तिचं झाकण केव्हाच हरवलं होतं. तोंडाला चिंधीचा बोळा.

दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची म्हणून आईची धांदल चालली होती. तिनं स्टोव्हमध्ये रॉकेल भरलं, बाटली खाली ठेवली आणि तव्यावरची भाकरी उलटायला वळली. भाऊ अंगणातून खेळून तहानलेला आला. बोळा त्यानं ओढला की आधीच निघालेला होता, ते कुणालाच कळलं नाही. त्याच्या खोकल्याच्या आवाजानं आई वळली तेव्हा त्याचे दोन घोट पिऊन झाले होते.

शेजारच्या काकूंनी मायेपोटी त्याला मिठाचं पाणी पाजलं. उलटी झाली की सगळं बाहेर पडेल, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं. खरं तर रॉकेलच्या बाबतीत हे अगदी उलट आहे. रॉकेल पोटात जाऊन जेवढा अपाय करतं त्यापेक्षा कितीतरी जास्त अपाय ते फुफ्फुसात गेल्यावर करतं, आणि उलटी करवली की ते श्वासनळीत उतरण्याचा धोका वाढतो. भाऊ आठ दिवस तालुक्याच्या दवाखान्यात होता. पहिल्या दोन रात्री त्याचा श्वास मोजत आई उशाशी बसून होती.

तो बरा झाला. आज पुण्यात नोकरी करतो, दोन मुलांचा बाप आहे. पण त्या आठ दिवसांत आणि पुढं कितीतरी वर्षं आईला एकच प्रश्न विचारला गेला. आजीनं विचारला, आत्यानं विचारला, दवाखान्यात भेटायला आलेल्या प्रत्येकीनं विचारला, डॉक्टरांनीही विचारला. "लक्ष कुठं होतं तुझं?"

रॉकेल सरबताच्या बाटलीत का होतं, बाटलीला झाकण का नव्हतं, हे कुणीही विचारलं नाही.

आईच्या त्या रात्रीच्या प्रश्नानं माझी झोप गेली. हे झाकण कुणी, कधी आणि का केलं, याच्या मी मागे लागले. मिळेल ते वाचत गेले. वाचता वाचता ध्यानात आलं की ही गोष्ट नुसत्या झाकणाची नाही. "लक्ष कुठं होतं" या प्रश्नाला तिकडं किती वर्षांनी वेगळं उत्तर सापडलं, त्याची ही गोष्ट आहे.

सुरुवात करते शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेपासून. तिथल्या घरोघरी तेव्हा कॉस्टिक सोडा असायचा. साबण करायला, मोरी साफ करायला, फरशी घासायला. कोरडा असताना तो साखरेसारखा दिसतो आणि पाण्यात विरघळला की पाण्यासारखाच. लहान मुलं तो तोंडात घालायची. जीव वाचला तरी अन्ननलिका आतून भाजायची आणि जखम भरताना आक्रसून अरुंद व्हायची. मग अन्न तर सोडाच, पाण्याचा घोटही खाली उतरत नसे.

अशा मुलांवर उपचार करणारे एक घशाचे नामांकित डॉक्टर होते, शेव्हालिए जॅक्सन. आधी पिट्सबर्गला, नंतर फिलाडेल्फियाला. नळीसारखं उपकरण घशातून उतरवून अडकलेल्या वस्तू काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आपल्यापुढं येणारी ही भाजलेली मुलं पाहून ते गप्प बसले नाहीत. या डब्यांवर "विष" असं ठळक लिहिलं पाहिजे आणि पोटात गेल्यास काय करावं तेही छापलं पाहिजे, म्हणून ते वर्षानुवर्षं खटपट करत राहिले. १९२७ साली अमेरिकेत तसा कायदा झाला.

मोठी गोष्ट झाली. त्याआधी विकत आणलेल्या डब्यात काय आहे हे आईलाही कळायला मार्ग नव्हता. पण दोन वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही. चिठ्ठी आईसाठी होती. म्हणजे डबा जपायची सगळी जबाबदारी पुन्हा आईच्याच डोळ्यांवर.

दुसरा टप्पा गोळ्यांचा. दुसरं महायुद्ध संपल्यानंतर दोनतीन वर्षांतच अमेरिकेत लहान मुलांसाठी खास ॲस्पिरिन आलं. मोठ्यांच्या गोळीच्या साधारण पाव ताकदीची, संत्र्याच्या चवीची, चघळायची गोळी. तापानं फणफणलेलं मूल कडू औषध घेत नाही, हे आपल्याला माहीत आहेच. ही गोळी मुलं आवडीनं खायची. आयांचा जीव भांड्यात पडला.

पण मुलांना ती खाऊच वाटली. आईची पाठ वळली की खुर्चीवर चढून बाटली काढायची आणि मूठभर गोळ्या संपवायच्या, असं घडू लागलं. नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात जे अरेना नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे अशी मुलं येऊ लागली. त्यांनी गोळ्या बनवणाऱ्या कंपनीशीच बोलणं केलं आणि बाटलीला मुलांना सहज न उघडणारं झाकण बसवायला तिला राजी केलं. झाकणाकडे लक्ष वळवणाऱ्या पहिल्या काही माणसांतले ते एक.

त्याच सुमारास, १९५३ साली, शिकागोत पहिलं विषबाधा माहिती केंद्र सुरू झालं. मुलानं घरातलं काहीतरी प्यायलेलं असायचं आणि त्यात काय काय घातलंय हे डॉक्टरलाही ठाऊक नसायचं. बाजारात रोज नवं पॉलिश, नवा साबण, नवं कीटकनाशक. शिकागोच्या लुई गडालमन या औषधनिर्मात्यानं अशा शेकडो वस्तूंची माहिती कार्डांवर उतरवून ठेवली होती. डॉक्टर फोन करून विचारत. थोड्याच वर्षांत गावोगावी अशी केंद्रं निघाली. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र सुरू झालं ते १९९५ मध्ये.

१९६१ साली अमेरिकेनं विषबाधा टाळण्यासाठी दरवर्षी मार्च महिन्यात एक आठवडा पाळायचा कायदा केला आणि १९६२ पासून तो पाळला जाऊ लागला. औषधं उंचावर ठेवा, कुलपात ठेवा, गोळीला खाऊ म्हणू नका. सगळं बरोबरच होतं. पण हे ऐकायचं कुणी आणि पाळायचं कुणी? घरात दिवसभर असणाऱ्या बाईनं. आणि फोनचं म्हणाल, तर तो मुलानं गिळल्यानंतर करायचा.

आता येते मूळ गोष्टीवर. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या समोर, नदीपलीकडे, कॅनडाचं विंडसर हे गाव आहे. दोन्हीकडे मोटारींचे कारखाने. विंडसरच्या ओतेल द्यू नावाच्या इस्पितळात हेन्री ब्रो हे बालरोग विभागाचे प्रमुख होते आणि तिथलं विषबाधा केंद्रही तेच पाहत. रात्री-अपरात्री बोलावणं यायचं आणि मुलाच्या पोटात नळी घालून पोट धुवायचं, हे त्यांचं नित्याचं काम. त्यांच्या पत्नीनं पुढे सांगितलेली आठवण अशी की, एकदा ते पहाटे तीनच्या सुमारास घरी आले ते अगदी वैतागून. मुलांची पोटं धुऊन धुऊन थकलो, आता याचं काहीतरी केलंच पाहिजे, असं म्हणाले.

डॉ. ब्रो यांनीही आधी उपदेशाचा मार्ग धरून पाहिला होता. १९६२ मध्ये त्यांनी आपल्या ओंटॅरिओ प्रांतात अपघाती विषबाधा रोखण्यासाठी संघटना उभी केली, लोकांना समजावलं. तरी मुलं येतच राहिली. तेव्हा त्यांच्या मनानं घेतलं की आईबापांना सांगून भागत नाही, बाटलीच बदलली पाहिजे.

विंडसर मोटारींचं गाव असल्यानं तिथं साचे आणि हत्यारं बनवणारे पटाईत कारागीर होते. पीटर हेजविक हे त्यांतलेच एक, साचे बनवणाऱ्या एका कंपनीचे मालक. त्यांच्याबरोबर १९६७ मध्ये जे झाकण तयार झालं त्याचं नाव "पाम एन टर्न". म्हणजे तळहातानं दाबा आणि फिरवा.

युक्ती किती साधी पाहा. साधं झाकण एकाच क्रियेनं उघडतं. फिरवलं की निघालं. हे झाकण नुसतं फिरवून निघत नाही आणि नुसतं दाबूनही निघत नाही. दाबायचं आणि दाब तसाच ठेवून फिरवायचं. दोन वेगळ्या क्रिया एकाच वेळी. दोनतीन वर्षांच्या मुलाला जोर नसतो असं नाही, चिकाटी तर आपल्याहून जास्त असते. पण दोन क्रिया अशा जोडून करणं त्याला सहसा सुचत नाही आणि जमत नाही. आपल्याकडे आता काही सिरपच्या बाटल्यांना जे कटकट वाजणारं झाकण येतं त्यात एकावर एक अशी दोन टोपणं असतात. दाबलं नाही तर वरचं टोपण खालच्यावरून नुसतं घसरत फिरतं. तोच तो आवाज. दाबलं की वरचे दाते खालच्यात अडकतात आणि दोन्ही मिळून फिरतात.

विंडसर आणि आसपासच्या भागातल्या औषधविक्रेत्यांनी हे झाकण वापरायला घेतलं. त्या भागातल्या मुलांच्या विषबाधेच्या घटना ९१ टक्क्यांनी कमी झाल्या. मैत्रिणींनो, हा आकडा मी दोनतीनदा वाचला. विंडसरच्या आया काही एका वर्षात जास्त दक्ष झाल्या नव्हत्या. त्या होत्या तशाच होत्या. कामात गुंतलेल्या, दमलेल्या, भाकरी उलटायला वळणाऱ्या. बदललं होतं ते झाकण. ओंटॅरिओनं १९७४ मध्ये असं झाकण सक्तीचं केलं.

अमेरिकेत त्याआधीच, १९७० च्या डिसेंबर अखेरीस, विषारी वस्तूंच्या वेष्टनाचा कायदा झाला होता. १९७२ पासून ॲस्पिरिनला आणि लाकडी सामानाच्या पॉलिशला, १९७४ पासून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पोटात घ्यायच्या बहुतेक औषधांना असं झाकण आवश्यक झालं. यादी वाढत गेली. कॉस्टिक सोडा आला, टर्पेंटाइन आलं, १९७८ पासून लोहाच्या गोळ्या आल्या. आणि दिवे-शेगडी पेटवायची रॉकेलसारखी द्रव इंधनंही त्या यादीत आहेत. हे वाचलं तेव्हा माझे डोळे तिथंच थांबले. आमच्या घरी चिंधीचा बोळा होता तेव्हा जगात दुसरीकडे याच वस्तूच्या बाटलीला कसं झाकण हवं याचा कायदा होऊन गेलेला होता.

झाकण चांगलं आहे की नाही हे ठरवायची रीतही मजेची आहे. परीक्षक म्हणून मुलांनाच बसवतात. वय बेचाळीस ते एक्कावन्न महिने, म्हणजे साडेतीन ते सव्वाचार वर्षं. दोनदोन मुलं एकत्र बसवून त्यांना बंद बाटल्या देतात (आत अर्थातच धोक्याचं काही नसतं) आणि उघडून दाखवा म्हणतात. पाच मिनिटांत नाही जमलं, तर मोठं माणूस न बोलता एकदा उघडून दाखवतं आणि आणखी पाच मिनिटं देतं. दातांनी उघडलंत तरी चालेल, असंही सांगतात. इतकं सगळं करून शंभरातल्या निदान ऐंशी मुलांना झाकण उघडता आलं नाही, तर ते पास.

याचा दुसरा अर्थ नीट ध्यानात घ्या. शंभरातल्या वीस मुलांनी ते उघडलं तरी झाकण पासच होतं. म्हणून त्या कायद्यात "मुलाला उघडणारच नाही" असं कुठं म्हटलेलं नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला उघडायला बरंच अवघड, एवढंच म्हटलंय. झाकण म्हणजे कुलूप नव्हे. झाकण आपल्याला वेळ मिळवून देतं. भाकरी उलटून मागं वळून पाहीपर्यंतचा वेळ.

आणि माझ्या आईसारख्यांचं काय? तिकडेही आजीआजोबांची हीच तक्रार होती. पूर्वी मोठ्या माणसांची परीक्षा घ्यायचे ती अठरा ते पंचेचाळीस वयाच्या लोकांची. त्यांना उघडलं की झालं. पण औषधं जास्त घेतात ती म्हातारी माणसं. त्यांच्या बोटांना झाकण झेपायचं नाही. मग तीही माझ्या आईसारखंच करायची. सैल ठेवायची, नाहीतर गोळ्या दुसऱ्या डबीत ओतून ठेवायची. सुट्टीत नातवंडं आली की त्याच डब्या त्यांच्या हाती लागायच्या. १९९५ मध्ये नियम बदलला. आता पन्नास ते सत्तर वयाच्या शंभरातल्या निदान नव्वद माणसांना झाकण उघडता आणि पुन्हा नीट लावता आलं पाहिजे. जोर कमी आणि युक्ती जास्त, अशी झाकणं त्यामुळं आली. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटला. आजीला त्रास देणारं झाकण नातवाला वाचवू शकत नाही, कारण आजी ते लावणारच नाही.

झाकणानं खरंच जीव वाचले का, याचाही हिशेब झाला आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पोटात घ्यायच्या औषधांपुरता विचार केला, तर १९७४ ते १९९२ या काळात झाकणामुळं अमेरिकेतली सुमारे ४६० मुलं वाचली, असं १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलं आहे. मृत्यूंचं प्रमाण त्यामुळं सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झालं.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. किप विस्कुसी नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये दाखवून दिलं की, असं झाकण असलं की माणसं निर्धास्त होतात. "झाकण आहे ना" म्हणून बाटली टेबलावरच राहते. किंवा उघडायला कटकट म्हणून झाकण उघडंच ठेवलं जातं. अंगाई ऐकून बाळ झोपावं तशी आपली सावधगिरी झोपी जाते, असं त्याचं म्हणणं. त्याच्या आकडेमोडीवर पुढं वाद झाले. पण आमच्या घरात तर ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं. सैल ठेवायला मीच मान डोलावली होती.

रॉकेलच्या बाबतीतही एक प्रयोग झाला आहे, तो दक्षिण आफ्रिकेत. तिथल्या खेड्यांत आपल्यासारखंच रॉकेल सरबताच्या बाटल्यांत साठवलं जायचं आणि मुलं ते प्यायची. तिथल्या डॉक्टरांनी एका भागात मुलांना सहज न उघडणारं झाकण असलेले सुमारे २० हजार कॅन घरोघरी फुकट वाटले. त्या भागात रॉकेल पिण्याच्या घटना जवळपास निम्म्यावर आल्या. १९९४ मध्ये त्याचा अहवाल छापला गेला. त्यांनी आयांना दोष दिला नाही, हाती कॅन दिला.

हे सगळं वाचताना मला आपल्या घरचं पाण्याचं गाळणं आठवत राहिलं. पाण्यातले जीव डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या थोरांनी "प्रत्येक घोट नीट बघून प्या" एवढंच सांगून सोडलं असतं, तर कुणाला ते साधलं असतं? त्यांनी हाती दुहेरी, घट्ट विणीचं कापड दिलं. सून नवी असो की जुनी, घाईत असो की निवांत, कापड आपलं काम करतं. पण कापड विरलं असेल, एकेरी धरलं असेल, तर नुसतं "आम्ही गाळून पितो" म्हणण्यात अर्थ नाही. झाकणाचंही तसंच आहे. यतना म्हणजे दिवसभर धास्तावून राहणं नव्हे. लक्ष कधीतरी ढळणारच, हे धरून चालून घराची मांडणी करणं, हाही यतनेचाच भाग, असं मला आता वाटतं. वस्तू उचलताना आणि ठेवताना जपावं, अशी आपल्या मुनींना एक वेगळी समितीच घालून दिलेली आहे, आदाननिक्षेपण समिती. ती जीवरक्षेसाठी. आपल्या घरात रांगणारा, धावणारा जीवही त्यात आला की.

म्हणून मैत्रिणींनो, थोडं घरातलं. रॉकेल आता गेलं, पण सरबताची बाटली गेलेली नाही. दारावर येणारं सुटं फिनेल, संडास धुवायचं ॲसिड आपण पाण्याच्या रिकाम्या बाटलीतच घेतो. ते बंद करा. वस्तू ज्या डब्यात आली त्याच डब्यात राहू द्या. घेतलंच तर पाण्याच्या बाटलीत मुळीच नको. गरोदरपणी मिळालेल्या लोहाच्या लालबुंद गोळ्या उरलेल्या असतात. त्या खाऊसारख्या दिसतात आणि मोठ्या भावंडानं मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं. देवघरातला कापूर आणि दुखऱ्या अंगाला लावायचं विंटरग्रीन तेलही मुलांच्या पोटात जाता कामा नये. पाहुणी आजी आली की तिची पर्स, तिची पिशवी जमिनीवर राहू देऊ नका. आणि एवढं करूनही काही झालंच, तर रॉकेल, ॲसिड, कॉस्टिक सोडा यांपैकी काही प्यायलं असेल तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. बाटली सोबत घ्या आणि लगेच दवाखाना गाठा.

आमच्या घरी आम्ही काय केलं, तेही सांगते. आईला बोटांऐवजी तळहाताचा गादीकडचा भाग झाकणावर ठेवून दाबायला शिकवलं. चारपाचदा जमलं नाही, मग एकदा जमलं. पण रोज जमत नाही. म्हणून सकाळी तिची गोळी मी काढून देते आणि झाकण "कट" असा आवाज येईपर्यंत लावून बाटली लोखंडी कपाटात ठेवते. किल्ली वरच्या खुंटीला. नातू परत गेला तरी ही रीत मोडायची नाही असं ठरवलंय. पोरं काही सांगून येत नाहीत.

विंडसरच्या डॉक्टरांची गोष्ट मी आईला एका दुपारी सावकाश सांगितली. त्यांची पोटं धुवायची रात्रपाळी, साचे बनवणारा कारागीर, ९१ टक्के, सगळं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. मधेच हात थांबले.

"म्हणजे तो डॉक्टर आयांना रागावला नाही?"

"नाही आई. तो बाटलीवर रागावला."

आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझं लक्ष भाकरीकडं होतं. सगळ्यांना उजेडात वाढायचं होतं म्हणून." चव्वेचाळीस वर्षांनी तिनं त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

मी त्या रात्री भावाला फोन केला. म्हटलं, आईशी बोल, आणि त्या बाटलीविषयी बोल. तो बोलला. काय बोलला ते मी विचारलं नाही.

तुमच्या घरातही असा एखादा प्रसंग घडला असेल आणि कुणा बाईनं तो दोष मुकाट्यानं वाहिला असेल. तिच्याशी एकदा बोला. आणि उठून आधी मोरीजवळची ती फिनेलची बाटली बघा.

जय जिनेंद्र.